टर्नरचं चोरून काढलेलं चित्र

चहाचा कप हातात घेऊन उभा असलेला, बुटक्या बांध्याचा एक म्हातारा. इंग्रज निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नरचं हे रेखाचित्र काउंट दॉर्से या फ्रेंच उमरावाच्या नावावर आहे. प्राण्यांची चित्रं काढणाऱ्या लँडसियरचाही त्यात हात होता, असं सांगतात. शिळाछापावरून, म्हणजे दगडावर चित्र उतरवून केलेल्या छपाईतून, त्याच्या प्रती १८५१ मध्ये बाजारात आल्या. डिसेंबरात टर्नर गेला.

टर्नर स्वतःहून चित्रासाठी कधी बसला नसता. हा चेहरा बघून ती निसर्गचित्रं माझी आहेत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं तो म्हणायचा म्हणे. त्यामुळे काढायचं ते त्याच्या नकळत. जॉन लिनेलनेही १८३८ मध्ये त्याचं तैलचित्र आठवणीतूनच रंगवलं होतं.

दॉर्सेला संधी मिळाली ती लंडनच्या दक्षिणेला, हर्न हिलवर, एलहॅनन बिकनेलच्या घरी. व्हेलच्या तेलाच्या व्यापारात गबर झालेला हा माणूस चित्रकारांना अगत्याने घरी बोलवायचा आणि त्यांची चित्रं विकतही घ्यायचा. १८४२ साली टर्नरने स्वित्झर्लंडच्या जलरंगांचे नमुने थॉमस ग्रिफिथ या दलालाकडे दिले आणि त्यांवरून दहा चित्रांची मागणी आणायला सांगितलं. किंमत प्रत्येकी ८० गिनी. आयुष्यभर नाव कमावलेल्या माणसाला मिळाल्या त्या नऊच मागण्या! उतारवयातलं त्याचं धूसर, पातळ रंगांचं काम अनेकांना पचत नव्हतं. बिकनेलने मात्र त्यांतलं ‘ब्लू रिगी’ हे रिगी डोंगराचं चित्र घेतलं. २००७ मध्ये टेट संग्रहालयाने तेच चित्र सुमारे ५० लाख पौंडांना विकत घेतलं.

शिळाछापाला नाव दिलं होतं ‘द फॅलसी ऑफ होप’, म्हणजे आशेचा भ्रम. हा टोमणा टर्नरच्याच शब्दांतला: ‘फॅलसीज ऑफ होप’ या आपल्या अपुऱ्या कवितेतल्या ओळी तो १८१२ पासून प्रदर्शनाच्या सूचीत चित्रांखाली छापून घेत असे. चित्रात थट्टा आहे, हे उघडच आहे. पण मला ती दुष्ट वाटत नाही. कुणी आपल्याकडे बघतंय याची गंधवार्ता नसलेला माणूस असाच दिसणार.

लपण्याची सवय शेवटपर्यंत टिकली. लंडनच्या चेल्सी भागात मिसेस बूथ या आपल्या सोबतिणीच्या घरी तो राहायचा आणि शेजारीपाजारी त्याला निवृत्त ‘ॲडमिरल बूथ’ समजायचे. तिथेच तो वारला. २०२० मध्ये बँक ऑफ इंग्लंडने २० पौंडांच्या नोटेवर टर्नरला आणलं, तेव्हा निवडलं ते साधारण १७९९ सालचं, विशीतलं, त्याने स्वतः रंगवलेलं रूप.