घरकुल मंजूर झालं? जुनं घर उकलण्याआधी एवढं करा

यादीत नाव लागलं की लोक लगेच सब्बल काढतात. जरा थांबा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये आधी सध्याच्या राहत्या घराचा आणि नव्या जागेचा फोटो ॲपवर घेतात, म्हणजे जिओ-टॅगिंग करतात. त्याआधी घर पाडलं तर कच्च्या घराचा पुरावाच जातो.

पात्रता थोडक्यात: पक्कं घर नसलेलं कुटुंब, आवास प्लस सर्वेक्षणात नाव आणि ग्रामसभेची मान्यता. तीनचाकी किंवा चारचाकी गाडी, सरकारी नोकरी, महिना १५ हजारांवर कमाई, ओलिताची अडीच एकर किंवा कोरडवाहू पाच एकर जमीन असेल तर नाव वगळलं जातं.

ग्रामपंचायतीत आधार, बँक पासबुक, जॉबकार्ड आणि जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मिळकतीचा उतारा) द्या. खातं आधारशी जोडलेलं हवं, हप्ते त्याच्यातच येतात. मदत १ लाख २० हजार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार. घर स्वयंपाकघर धरून किमान २५ चौरस मीटर.

या पैशात भाव चढलेली विटा-गिट्टी बसवणं कठीण जातं. म्हणून जुन्या घरातला माल मोजून ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सागवानी मयाल (तुळया), फाटे, दारं-चौकटी, कवेलू यांची यादी करा. लाकडाला टोचा मारून पाहा. आत भुसा निघाला तर ते किडलेलं आहे, ते लाकूड छतात नको. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. बद्द आवाजाची वीट भिंतीत घालू नका, तिचे तुकडे सोलिंगला (फरशीखालच्या भरावाला) चालतात. चुन्या-मातीत बांधलेल्या विटा अख्ख्या सुटतात, सिमेंटमधल्या बहुतेक फुटतात. जोत्यात मात्र आपल्याकडची काळी माती भरू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम आणि विटांचे तुकडे दाबून भरा.

ही यादी पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला पाया आखतानाच दाखवा. कोणता माल कुठे चालेल, हे काम सुरू झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. सागवान दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याबद्दल आधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारा.

या योजनेत घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं आणि मंजुरीपासून १२ महिन्यांत पूर्ण करायचं असतं. कोणी म्हणेल, "मजुरी नको, घर उकलून देतो, निघेल तो माल माझा." अशा सौद्याला हो म्हणण्याआधी फक्त सागाचा आजचा भाव विचारून या.