सूक्ष्मशैवालांतील रंगद्रव्यांचे निष्कर्षण

संवर्धित सूक्ष्मशैवालांच्या पेशींतून नैसर्गिक रंगद्रव्ये वेगळी काढून त्यांची ओळख, प्रमाण व शुद्धता ठरवण्याची प्रक्रिया. या रंगद्रव्यांचे प्रमुख गट तीन : हरितद्रव्ये, कॅरोटिनॉइडे आणि फायकोबिलिप्रथिने. पहिली दोन मेदात विरघळतात, तिसरी पाण्यात. विद्रावकाची निवड यावरच ठरते.

खरी सुरुवात मात्र संवर्धनापासून होते. डुनॅलिएला सलायना हे शैवाल तीव्र प्रकाश, पाण्यातील मिठाचे जास्त प्रमाण व नायट्रोजनची टंचाई यांत बीटा-कॅरोटीन साठवते. ते शुष्क वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हिमॅटोकॉकसच्या हिरव्या पोहणाऱ्या पेशी अशाच ताणाखाली जाड भित्तीच्या, अस्टाझँथिन या लाल कॅरोटिनॉइडाने लालभडक झालेल्या पेशी बनतात. स्पिरुलिनाचे नेमके उलटे आहे. नायट्रोजन कमी पडला की ती आपले फायकोसायनिन हे निळे फायकोबिलिप्रथिनच मोडून वापरते, म्हणून तिला उपाशी ठेवणे म्हणजे हाती येणारा रंग गमावणे.

पेशी फोडण्याचे कष्टही सारखे नसतात. डुनॅलिएलाला कठीण पेशीभित्ती नसते. स्पिरुलिना बफर (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या) द्रावणात गोठवून-वितळवून फुटते. हिमॅटोकॉकसची भित्ती मात्र यांत्रिक दळणाशिवाय सहसा दाद देत नाही, त्यानंतर अ‍ॅसिटोन, इथेनॉल किंवा अतिक्रांतिक, म्हणजे द्रव व वायू हा भेद न उरलेला, कार्बन डाय-ऑक्साइड (31° से. तापमान व सुमारे 74 बार दाब यांच्या वर) वापरतात.

अर्काचा गडद रंग शुद्धतेचा पुरावा नव्हे, ही बाब सर्वांत महत्त्वाची. फायकोसायनिन 620 नॅनोमीटरला, तर प्रथिने एकंदरीत 280 नॅनोमीटरला प्रकाश शोषतात. या दोन शोषणांचे गुणोत्तर 0.7 च्या पुढे गेल्यास रंग खाद्यप्रतीचा, 4 च्या पुढे गेल्यास विश्लेषणप्रतीचा मानतात. मधला पल्ला अमोनियम सल्फेटने अवक्षेपण, अपोहन (पातळ पटलातून लहान रेणू गाळून काढणे) आणि आयन-विनिमय वर्णलेखन (विद्युतभारानुसार घटक वेगळे करणे) यांनी गाठला जातो.

कॅरोटिनॉइडांना केवळ वर्णपटमापन (प्रकाशशोषण मोजणे) पुरत नाही, कारण निळ्या पट्ट्यात त्यांचे आणि हरितद्रव्याचे शोषण एकमेकांवर येते. म्हणून घटक आधी वेगळे करून मोजणारे उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन करावे लागते. हिमॅटोकॉकसमधील अस्टाझँथिन बहुतांशी मेदाम्लांशी जोडलेले एस्टर असते. मोजणीपूर्वी ते बंध बहुधा विकराने तोडतात, कारण तीव्र अल्कलीने रेणूच बिघडतो.

हाताळणी शक्यतो थंडाव्यात आणि अंधारात करतात. आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून तपकिरीसर फिओफायटिन बनते. वर्णलेखनाच्या आलेखात त्याचे मोठे शिखर दिसले, तर नमुना आधीच खराब झाला असण्याची शक्यता तपासावी लागते.