वही खराब करण्याची रीत

नमस्कार. आमच्याकडची हाताने शिवलेली वही घेतलीत, मनापासून आभार. प्रत्येक वहीत आम्ही हे माहितीपत्रक घालतो, त्याला एक कारण घडलं.

काही वर्षांपूर्वी एक बाई दुकानात आल्या. दोन वर्षं आधी आमच्याकडूनच नेलेली आकाशी कापडाची वही त्यांच्या पिशवीत होती. तशीच दुसरी हवी होती, लेकीला द्यायला. मापासाठी म्हणून मी वही हातात घेतली आणि उघडली. पहिल्या पृष्ठावर 'श्री', खाली तारीख. पुढची १९१ पृष्ठं कोरी. "एवढी छान वही, माझ्या अक्षरानं कशाला खराब करायची?" असं म्हणून त्या ओशाळं हसल्या. मी त्यांना दुसरी वही दिली, पैसे घेतले आणि दिवसभर चुटपुट लागून राहिली. वही बांधून देतो, पण ती वापरायची कशी ते सांगतच नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं.

तर ही वही खराब करायची आहे. खाडाखोड, चहाचा डाग, अर्धवट वाक्यं, वाकड्या ओळी, सगळं चालेल. खाली लिहायचे काही खेळ दिले आहेत. ते लेखक होण्यासाठी नाहीत. खेळता खेळता आपल्याच हातून असं एखादं वाक्य उतरतं की आपण थबकतो आणि मनात येतं, अरे, हे माझ्या डोक्यात होतं? त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी वही कशी बांधली आहे ते पाहा

मोठा ताव तीनदा दुमडला की आठ पानं होतात, म्हणजे पाठपोट सोळा पृष्ठं. याला फर्मा म्हणतात. असे बारा फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवले की १९२ पृष्ठांची वही होते. कणा आम्ही नुसत्या गोंदावर सोडत नाही, आधी शिवतो. म्हणून वही टेबलावर पूर्ण सपाट उघडते आणि लिहिताना दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण भरभर लिहायचं असेल तर एवढ्याशा अडचणीनेही हात थांबतो.

वही चाळलीत तर प्रत्येक फर्म्याच्या मधोमध पांढरा दोरा दिसेल. पहिला दोरा आठव्या पृष्ठानंतर, मग दर सोळा पृष्ठांनी एक. या दोऱ्यावर आम्ही एकच नियम बांधला आहे: दोरा येईपर्यंत मागचं वाचायचं नाही. दोरा आला की तेवढा भाग सलग वाचा, हातात पेन न घेता. रोज एक पृष्ठ लिहिलंत तर पहिलं वाचन आठव्या दिवशी येईल. आपलंच लिखाण आठ दिवसांनी वाचताना ते थोडं परक्याचं वाटतं आणि त्यामुळेच नीट दिसतं. त्याच दिवशी वाचलं तर नुसत्या चुका दिसतात.

आणखी एक. पान फाडू नका. पहिलं पान फाडलंत की त्याच फर्म्यातलं आठवं पान सुटं होतं, कारण दोन्ही एकाच कागदाची आहेत. लिहिलेलं डोळ्यांसमोर नको असेल तर पान मध्ये घडी घालून कडेला चिकटपट्टी लावा.

सात मिनिटं, हात न उचलता

घड्याळ लावा. सात मिनिटं हात थांबवायचा नाही. खोडायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. काहीच सुचत नसेल तर 'काय लिहू काय लिहू' असंच लिहीत राहा. हात चालू राहिला की मन कंटाळून स्वतःच काहीतरी पुरवतं.

पॅरिसमध्ये १९१९ साली आंद्रे ब्रेतों आणि फिलिप सूपो या दोन तरुण कवींनी असंच न थांबता, मनाला लगाम न घालता भराभर लिहून पाहिलं. पहिल्या महायुद्धात ब्रेतोंने मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलं होतं. मनात येईल ते रुग्णाला न अडवता बोलू द्यायचं, ही मनोविश्लेषक फ्रॉइडची पद्धत त्याला ठाऊक होती. तीच त्याने कागदावर आणली. आपल्याला कविता करायची नाही, पण त्यांचा वेगाचा धडा उपयोगी आहे. हळू लिहिलं की मन वाक्याला इस्त्री करत बसतं.

पहिली तीन मिनिटं बहुतेकांच्या वहीत सारखंच काहीतरी येतं: गॅस संपत आलाय, हप्ता भरायचाय, पाय दुखतोय. येऊ द्या. चौथ्या-पाचव्या मिनिटाला वळण येतं. ते ओळखायची एक खूण मला सापडली आहे. तिथे अक्षर बदलतं. एकतर मोठं होतं, नाहीतर एकदम बारीक.

ओठ न मिटता

हा माझा सगळ्यांत लाडका खेळ. बारामतीचे कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी रामकथा पुन्हा पुन्हा, दर वेळी नवं बंधन घालून सांगितली. त्यांनी १०८ रामायणं रचली असं म्हणतात. त्यांतलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ज्यांच्या उच्चाराला ओठ मिटावे लागतात ती अक्षरं वर्ज्य. ही युक्ती त्यांच्याही फार आधीची आहे. संस्कृत लेखक दंडीच्या 'दशकुमारचरित' या कथाग्रंथात मंत्रगुप्त नावाच्या राजकुमाराचे ओठ प्रेयसीने चावलेले असतात, म्हणून तो आपली सगळी हकिकत ओठांनी उच्चारायच्या अक्षरांवाचून सांगतो.

आपला नियम सोपा: प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं वापरायची नाहीत. जोडाक्षरातही नाहीत. विषय घरातलाच एखादा माणूस.

लिहायला बसा, म्हणजे पहिल्याच ओळीत कळेल काय होतं ते. 'मी' लिहिता येत नाही. 'माझा', 'मला', 'आम्ही', सगळी दारं बंद. 'पण' नाही, म्हणजे सबब सांगता येत नाही. 'प्रेम' तर नाहीच. रोज ज्या शब्दांच्या आधाराने आपण स्वतःबद्दल बोलतो ते काढून घेतले की फक्त डोळ्यांना दिसलेलं उरतं.

वडील गेल्यावर वर्षभर मला त्यांच्याबद्दल काही लिहिता येत नव्हतं. 'बाबा' लिहिलं की पुढची वाक्यं शोकसभेतल्यासारखी व्हायची. एका दुपारी हा नियम लावून बसले. 'बाबा'च लिहिता येईना, म्हणून 'वडील' लिहिलं. मग हे उतरलं:

"सकाळचे सात. दुकानाचं शटर अर्धं वर. वडील खळ ढवळतात, जाड, ऊन ऊन, काठीला चिकटणारी. त्यांच्या हाताच्या रेषांत सुकलेली खळ असते, नखांत निळी शाई. चहा येतो, ग्लास तसाच थंड होतो. ते एक कोरा ताव उजेडाकडे धरतात आणि एकटेच हसतात."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. कागद उजेडाकडे धरून त्याची वीण बघायची सवय मलाही आहे. ती त्यांची, हे तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. आणि ते हसायचे, हे तर मी पार विसरले होते. माझ्या आठवणीत ते कडक होते.

चोरटं एखादं 'म' निसटलं तर खोडू नका, त्याला गोल करा. कुठल्या शब्दापाशी नियम मोडावासा वाटला, तेही दोऱ्यापाशी वाचताना बघण्यासारखं असतं.

पहिली माझी ओवी

मनातलं बोलण्यासाठी आपल्याकडे वही लागत नसे, जातं लागायचं. पहाटे दळताना बायकांनी रचलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी जमवल्या. त्यांतल्या कितीतरी ओव्या बघण्यातल्या वस्तूपासून सुरू होतात आणि हळूच माहेर, सासू, लेक, भाऊ, असं आतलं काही बोलून जातात. हात जात्याच्या खुंट्याला, डोळ्यांसमोर पीठ, समोर कोणी उत्तर मागायला नाही. अशा वेळी माणूस खरं बोलतं.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरची-शेताची कामं करता करता त्यांनी गाणी रचली, तीही खानदेशातल्या आपल्या घरच्या बोलीत.

खेळ असा: प्रत्येक ओळीची सुरुवात 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' अशी करायची, पुढे समोरची एक वस्तू, आणि त्यानंतर मनात येईल ते. यमक जुळलं तर जुळलं. जातं नसलं म्हणून काय झालं? 'पहिली माझी ओवी, मिक्सरच्या आवाजाला', 'दुसरी माझी ओवी, डोंबिवली फास्टला', काहीही चालेल. दहा ओव्या लिहा. आठवी-नववी येईपर्यंत समोरच्या वस्तू संपतात, मग आतल्या निघू लागतात.

इथे एक कळकळीची विनंती. घरी जी भाषा बोलता तीच लिहा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, मराठवाडी, घरातली कोकणीमिश्रित मराठी, जी असेल ती. शाळेत लाल शाईने खोडलेले शब्द मुद्दाम आणा. प्रमाण मराठीत लिहिताना आपण नकळत अर्ज लिहितो तसं ताठ बसतो. आजीचा शब्द आला की पाठ सैल होते.

घरच्यांबरोबर

पॅरिसमधल्या त्याच ब्रेतोंच्या मित्रमंडळींनी १९२५ च्या सुमारास एक खेळ काढला. एकाने शब्द लिहून कागद दुमडायचा, दुसऱ्याने तो न बघता पुढचा लिहायचा. मुलं घरी असतील तर रविवारी दुपारी नक्की खेळा: पहिल्याने 'कोण', दुसऱ्याने 'कुठे', तिसऱ्याने 'काय करतंय', चौथ्याने 'का'. त्यासाठी वहीची पानं नकोत. वही शिवून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या दुकानात फुकट मिळतात, मागून घ्या.

कोण वाचणार?

याच प्रश्नाने बहुतेकांचं लिखाण अडतं. दोन खोल्यांच्या घरात लपवायला जागा कुठे असते? मागच्या पुठ्ठ्याच्या आत आम्ही कापडी खिसा ठेवला आहे, पण तो पट्ट्या-चिठ्ठ्यांसाठी, गुपितांना तो पुरायचा नाही. खरा उपाय म्हणजे घरात सांगून टाकणं: ही माझी वही आहे, कोणी उघडायची नाही. ऐकायला अवघड वाटतं, पण अनेक ग्राहक सांगतात की घरात एवढं एक वाक्य ठामपणे म्हटल्यावरच लिहिणं सुरू झालं. आणि दुसऱ्याच्या वहीशी तुम्हीही तसंच वागा, विशेषतः मुलांच्या.

जपून

लिहिता लिहिता कधी जुनी जखम उघडते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासह १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहिलं. आयुष्यातल्या आघाताबद्दल, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्या लिहिल्या जास्त उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र ते आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत एकंदर हा फायदा लहान आणि माणसागणिक वेगळा दिसला आहे. म्हणून वही हे औषध आहे असं आम्ही सांगणार नाही, कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुःख ताजं असेल तर ते खोदायला जाऊ नका. दाराची कडी, मोरीतला दगड, शाळेची पिशवी अशा वस्तूंवर लिहा. एखाद्या विषयाने छाती भरून आली तर वाक्य अर्धं सोडा, वही मिटा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला. मन सतत अंधारलेलं राहत असेल तर सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

पेन, कागद, दुरुस्ती

कागद मॅपलिथो, म्हणजे लिहिण्या-छपाईचा साधा कागद आहे, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम). बॉलपेन, पेन्सिल उत्तम. शाईचं पेन चालेल, मागच्या बाजूला थोडं उमटेल. वही ओली झाली तर उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो. पानांमध्ये टिपकागद किंवा जुना साधा कागद घालून, वर वजन ठेवून सावलीत वाळवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

शिवण सैल झाली किंवा पुठ्ठा सुटला तर वही घेऊन या. कितीही वर्षांनी आणलीत तरी पुन्हा शिवून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. वही इथे ठेवून जायची गरज नाही. अर्ध्या तासाचं काम असतं. तुम्ही समोर स्टुलावर बसा, लिहिलेली पानं तुमच्याच हातांनी धरा, मी फक्त कण्याकडून सुई घालीन.