एक्सएमएल आतून बाहेर : पार्श्वभूमी

हिंगणघाट-वणीकडच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली एक्सएमएल फाइल, म्हणजे एकात एक बसलेल्या टॅगांत (खुणांत) माहिती मांडलेली फाइल, सगळ्यांच्या ओळखीची. व्हाउचरच्या पोटात लेजरच्या नोंदी, त्यांच्या पोटात बिलांची वाटणी. बिलं लेजरच्या रकमेशी जुळली पाहिजेत आणि लेजरच्या रकमा, नावेची वजा नि जमेची अधिक धरून, शून्यावर आल्या पाहिजेत. म्हणजे तपासणी आतूनच सुरू होणार.

१९९८ साली एक्सएमएल आलं आणि त्याच वर्षी ते क्रमाने वाचायचं साधन, सॅक्स. टॅग उघडला, टॅग बंद झाला, एवढंच सॅक्स कळवतं. आतला टॅग आधी बंद होत असल्यामुळे आतून बाहेरचा क्रम आयताच मिळाला. मधलं लक्षात ठेवायचं काम मात्र आपल्या गळ्यात. रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधून बदलणाऱ्या साधनाने) सर्वांत आतला तुकडा बदलत राहायची युक्तीही चालायची, कॉमेंटमध्ये, म्हणजे नुसत्या टिपेत, एखादा टॅग निघेपर्यंत.

खरं भांडण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एलिमेंटट्री या लायब्ररीचं. ती फाइलीचं झाड मांडते, त्यात प्रत्येक टॅग आतल्या मजकुरासह एक एलिमेंट, आतले एलिमेंट ही त्याची मुलं. २००६ साली, २.५ आवृत्तीत ती आली. तिच्यात एलिमेंटला आपली मुलं माहीत, बाप माहीत नाही. एकच एलिमेंट दोन झाडांत बसवता यावा, हे त्यामागचं एक कारण. पण बिलाची रिकामी नोंद काढायची तर काढण्याचा हुकूम बापालाच द्यावा लागतो, म्हणून आधी सगळं झाड फिरून कोणाचा बाप कोण याची डिक्शनरी (जोड्यांची यादी) करा. एलएक्सएमएल या दुसऱ्या लायब्ररीत बाप थेट विचारता येतो. बदल्यात एलिमेंट दुसरीकडे जोडला की पहिल्या जागेवरून उठतो. हिशेबाला हेच बरं. एक चुकारा (शेतकऱ्याला दिलेले पैसे) दोन व्हाउचरांत दिसायलाच नको. काढलेल्या एलिमेंटसोबत त्याच्या बंद टॅगनंतरचा मजकूरही जातो, हा त्रास दोन्हीकडे सारखाच. टॅलीच्या फाइलीत तिथे मोकळी जागाच असते म्हणून निभावतं.

मोठ्या फाइलींसाठी, एलिमेंट बंद होईल तसा हाती देणारं इटरपार्स आलं. मेमरी वाचवायला प्रत्येक एलिमेंटवर क्लिअर (आतलं पुसण्याचा हुकूम) लावलं, की व्हाउचर हाती येईस्तोवर आतल्या रकमा पुसलेल्या. क्लिअर फक्त व्हाउचरवर लावायचं.

मग १५ नोव्हेंबर २०१७पासून, ऐन हंगामात, शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी खरेदीदाराच्या अंगावर आला. १४ तारखेची खरेदी एका नियमाने तपासायची, १५ची दुसऱ्या. तारीख व्हाउचरची, आणि व्हाउचर तर सर्वांत शेवटी बंद होणार. त्यातल्या त्यात बरं, की तारखेचा टॅग लेजरच्या नोंदींआधी येतो. तो बंद होताच तारीख बाजूला धरून ठेवली, की आतल्या नोंदी तिच्यावरून तपासता येतात.