परवाना लॅबपुरता, अभ्यास घरी : विद्यार्थ्यांच्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

मराठवाड्यात अभियांत्रिकीचं शिक्षण संगणकाच्या कितीतरी आधी आलं. औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंगजी १९८१ चं. सॉफ्टवेअरची गरज तालुक्याच्या गावापर्यंत पोचली ती मात्र २००० नंतर. २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं, पाठोपाठ तिचा संगणक साक्षरतेचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि आठही जिल्ह्यांत संगणक केंद्रं दिसू लागली. पोरं माऊस धरायला शिकली. पुढे पॉलिटेक्निकच्या मुलाला ड्रॉईंगसाठी ऑटोकॅड लागलं, कॉमर्सच्या मुलीला हिशेबासाठी टॅली, आणि ते आणायचं कुठून हा प्रश्न घराघरांत आला.

कायदा तोवर तयार होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमलाही संरक्षण मिळालं. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आलं : बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकतं. एवढा कडक कायदा असूनही क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत आधी सीडीवरून, मग पेनड्राइव्हवरून या रूमवरून त्या रूमवर फिरत राहिली. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातल्या लेकराला व्यावसायिक परवान्याची किंमत सांगून नुसतं ‘विकत घे’ म्हणणं हे उत्तर नव्हतं. क्रॅकची किंमतही त्याच लेकराने मोजली : सोबत व्हायरस आला, अपडेट बंद राहिले आणि प्रोजेक्टची फाइल ऐन वेळी उघडेना.

कंपन्यांनी हे ओळखलं, पण प्रत्येकीने अट घातली. टॅलीचा शैक्षणिक मोड फुकट मिळतो, मात्र त्यात महिन्याच्या १, २ आणि अखेरच्या तारखेच्याच नोंदी करता येतात. डेबिट-क्रेडिट समजून घ्यायला तेवढं पुरतं. महिनाभराची खरी वही लिहायला पुरत नाही. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्या विद्यार्थी आवृत्तीतून काढलेल्या ड्रॉईंगच्या चारही कडांना एके काळी ‘शैक्षणिक उत्पादन’ असा शिक्का छापून यायचा. आता तो येत नाही, परवाना वर्षभराचा मोफत मिळतो आणि शिक्षण चालू असेतो नव्याने घेता येतो. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ड्रीमस्पार्क आणून प्रोग्रॅमिंगची साधनं विद्यार्थ्यांना मोफत दिली.

म्हणजे पैशाची अडचण बरीच कमी झाली. उरली ती जास्त चिवट आहे. विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो, आणि अनेक कॉलेजांत मुलांना संस्थेचा ईमेलच नसतो. डाउनलोड काही जीबींचं, गावात नेट मोबाइलचं. घरी लॅपटॉप असलाच तर जुना. कॉलेजने घेतलेला नेटवर्क परवाना बहुधा आवारातच चालतो, तोही एका वेळी ठरलेल्या संख्येपुरता. मार्च २०२० मध्ये लॅबना कुलूप लागलं, तेव्हा असे परवानेही आत अडकले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा मुद्दा हाच : परवाना संस्थेच्या सोयीने आखला गेला, शिकणाऱ्याच्या नाही.

दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे जे कुणालाही वापरता, वाटता आणि बदलता येतं त्याची. २००९ मध्ये केंद्राची माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्या मदतीने आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओ धड्यांचं ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभं केलं. साधारण दहा मिनिटांचे धडे, आवाज मराठीतही, आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालणारे. त्याच संस्थेच्या ‘फॉसी’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने गणिती आकडेमोडीच्या विकतच्या मॅटलॅबच्या जागी मुक्त सायलॅब पुढे आणलं आणि पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच मानधन देऊन सायलॅबमध्ये लिहून घेतली. आपल्या भागासाठी हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्याचं अडतं ते अभ्यासक्रमापाशी. जिथे विषयाच्या नावातच एखाद्या कंपनीचं उत्पादन लिहिलेलं असतं, तिथे परीक्षाही त्याच्यावरच होते आणि विद्यार्थी पुन्हा क्रॅककडे वळतो.

एकत्र खरेदी शक्य आहे, हे संशोधन नियतकालिकांच्या बाबतीत दिसलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी, म्हणजे सरकारी संस्थांकरता अशा नियतकालिकांच्या एकत्र वर्गणीसाठी, तीन वर्षांकरता ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. अभियांत्रिकीच्या सॉफ्टवेअरसाठी मराठवाड्यातल्या संस्थांनी असाच एकत्र करार करावा आणि त्यात विद्यार्थ्याच्या घरच्या लॅपटॉपवर, नेटशिवायही वापरायची मुभा पहिल्याच अटीत लिहून घ्यावी.