हायड्राडेनायटिस सपुराटिव्हामध्ये शिरेतून अँटिबायोटिक

हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा, थोडक्यात एचएस, हा काखेत, जांघेत, स्तनांखाली, ढुंगणावर परत परत गाठी होण्याचा आजार. गाठ येते, ठणकते, फुटते, पू वाहतो, आणि ती सुकते न सुकते तोच शेजारी दुसरी तयार. हर्ले स्टेज ३ पर्यंत (आजाराच्या तीन पायऱ्यांतली सगळ्यात गंभीर) गेलं की कातडीखाली एकमेकांना जोडलेल्या नळ्या तयार होतात, त्या आपल्या आपण बुजत नाहीत. हा संसर्गजन्य आजार नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही, तरी पेशंटला 'नीट आंघोळ करत जा' हे ऐकावंच लागतं. केसाच्या मुळाचं तोंड बंद होतं, ते आतल्या आत फुटतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती नको तितकी चवताळते, असं हे गणित आहे.

मग अँटिबायोटिक कशाला? कारण त्या नळ्यांमध्ये ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू चिकट थर करून बसतात आणि सूज धुमसत ठेवतात. आधी गोळ्याच देतात, डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन-रिफाम्पिसिनची जोडी साधारण १० आठवडे. त्याने भागलं नाही की शिरेतल्या औषधाचा विचार होतो.

यात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते अर्टापेनेमचं. हे कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकच्या गटातलं, रोज एकदाच १ ग्रॅम, सलाइनमधून साधारण अर्ध्या तासात, आणि कोर्स बहुतेक वेळा ६ आठवड्यांचा. इतके दिवस रोज नवी सुई टोचणं शक्य नसतं म्हणून दंडातून पिक लाइन, म्हणजे बरेच दिवस शिरेत राहणारी बारीक लांब नळी, घालतात, तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं, औषधाच्या आधी आणि नंतर ती सलाइनने फ्लश करायची, आंघोळीला झाकायची, त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही. फ्लश केल्यावर थंडी वाजून ताप आला तर लाइनमध्येच इन्फेक्शन असू शकतं, तेव्हा थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

२०१६ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी गंभीर एचएसच्या ३० पेशंटच्या जुन्या नोंदी तपासून दाखवलं की ६ आठवड्यांत बराच फरक पडतो, पण सौम्य जागा जितक्या छान सुकतात तितक्या स्टेज ३ च्या नळ्या सुकत नाहीत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवावं.

खरी अडचण कोर्स संपल्यावर. पू थांबतो, वास जातो, माणूस बऱ्याच दिवसांनी पाठीवर नीट झोपतो, आणि औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बऱ्याच जणांचं परत सुरू होतं. म्हणून पुढचा प्लॅन न ठरवता नुसता कोर्स घेणं म्हणजे माझ्या मते पिक लाइनचा त्रास फुकट. सूज उतरलेल्या त्या काळातच नळ्या कापून काढायचं ऑपरेशन उरकतात, नाहीतर अडालिमुमॅब किंवा सेक्युकिनुमॅबसारखी, चवताळलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारी बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करतात.

धोके आहेतच. जुलाब (क्वचित सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे, तेव्हा प्रकरण गंभीर), बुरशीचं इन्फेक्शन, क्वचित फिट, आणि भारी औषधाला जंतू सरावण्याची भीती, म्हणून हे सर्रास देत नाहीत. किडनी कमजोर असेल तर डोस निम्मा करतात. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आधीच सांगायचं, अर्टापेनेममुळे रक्तातलं त्याचं प्रमाण घसरतं आणि आटोक्यात असलेल्या फिट परत येऊ शकतात.