उजवा-डावा आणि शुद्ध-मिश्र: सेंद्रिय सौर घटातील कायरॅलिटी

सेंद्रिय (कार्बनी रेणूंच्या थरांपासून बनवलेल्या) सौर घटांच्या संदर्भात कायरॅलिटीचा, म्हणजे उजव्या-डाव्या हातांप्रमाणे रेणू आणि त्याची आरसाप्रतिमा एकमेकांवर न जुळण्याच्या गुणाचा, विषय निघाला की दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळतात. रेणू उजवा आहे की डावा, हा एक. आणि थरातील सर्व रेणू एकाच हाताचे आहेत की दोन्ही हातांचे मिसळलेले, हा दुसरा. घटाच्या कार्यक्षमतेशी खरा संबंध दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

परस्परांच्या आरसाप्रतिमा असलेल्या दोन रेणूंचे ऊर्जास्तर, वितळबिंदू आणि साध्या प्रकाशाचे शोषण तंतोतंत सारखे असते. सूर्यप्रकाश ध्रुवित नसल्यामुळे तोही दोघांत भेद करत नाही. म्हणून जोडीचा ग्राही, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणारा, पदार्थ कायरल नसेल, तर निव्वळ उजव्या आणि निव्वळ डाव्या रेणूंचे घट सारखेच चालावेत. वर्तुळाकार ध्रुवित (कंपनदिशा उजवीकडे किंवा डावीकडे फिरत जाणारा) प्रकाश ओळखणारा संवेदक करायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हातच निर्णायक ठरतो.

मिश्रणाचे तसे नाही. नैसर्गिक टार्टारिक आम्ल सुमारे 170 अंश सेल्सिअसला वितळते, तर उजवे-डावे समप्रमाणात असलेले रेसिमिक आम्ल सुमारे 206 अंशांना. रेणूंची घडण तीच, रचण्याची पद्धत मात्र वेगळी. स्फटिकांचे एकूण 230 सममिती-प्रकार शक्य आहेत आणि एकाच हाताच्या रेणूंना त्यांपैकी 65 च खुले असतात. सममिती केंद्राच्या दोन बाजूंना समोरासमोर बसण्याची सोय त्यांना नसते, कारण त्यासाठी विरुद्ध हाताचा जोडीदार लागतो. रेणू एकमेकांवर कसे रचले जातात यावरच विद्युतभाराचा प्रवास अवलंबून असल्याने हा फरक थेट घटापर्यंत पोहोचतो.

प्रत्यक्षात गुंता याहून अधिक आहे. विद्राव्यतेसाठी रेणूंना सर्रास जोडल्या जाणाऱ्या 2-एथिलहेक्सिल साखळीतील दुसरा कार्बन असममित (चार वेगवेगळे गट जोडलेला, म्हणून उजवा किंवा डावा) असतो, आणि ही साखळी जोडण्यासाठी वापरले जाणारे ब्रोमाइड सहसा रेसिमिक असते. सममित रेणूला अशा दोन साखळ्या जोडल्या की 25 टक्के उजवा-उजवा, 25 टक्के डावा-डावा आणि 50 टक्के उजवा-डावा असे मिश्रण मिळते. यातला शेवटचा, म्हणजे मेसो रेणू, उरलेल्या दोघांपैकी कोणाचीच आरसाप्रतिमा नसून गुणधर्मांनी वेगळा पदार्थ असतो. बाटलीवर नाव एकच आणि आत रेणू तीन प्रकारचे, ही बाब कागदावरच्या सपाट रचनासूत्रात दिसतच नाही.

मात्र शुद्धीकरणाने कार्यक्षमता वाढेलच असे गृहीत धरणे चूक आहे. नेटकी रचना विद्युतभाराला वाट देते. पण सेंद्रिय पदार्थांत एक्सायटॉन (प्रकाश शोषल्यावर तयार होणारी इलेक्ट्रॉन आणि धन रिक्त जागेची बांधलेली जोडी) साधारण 10 नॅनोमीटरच सरकू शकतो, त्यामुळे स्फटिक फार मोठे झाले तर तो ग्राही पदार्थाच्या सीमेवर, जिथे ही जोडी सुटते, पोहोचण्याआधीच विझतो. एका मिश्रणासाठी बेतलेले थर तापवण्याचे तापमान दुसऱ्याच्या थरात स्फटिक नको इतके वाढवू शकते, म्हणून तुलना करताना प्रत्येकाला त्याच्या सोयीच्या तापमानावर तपासावे लागते.